कपाशीवरील किडी टिपण्यासाठी परवडणारी मॅक्रो लेन्स: निवड आणि वापर

जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांच्याकडे कॅननचा १५०० डी कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स आणि नंतर घेतलेली ५५-२५० मिमी झूम आहे. कपाशी, केळी आणि मका या पिकांवरील किडींची स्पष्ट छायाचित्रे काढून ती शेतकऱ्यांना दाखवावीत, आणि सवड मिळेल तेव्हा पाल-यावलच्या जंगलातील फुलपाखरेही टिपावीत, अशी त्यांची इच्छा आहे. हाताशी पंधरा हजारांच्या आसपास रक्कम आहे. तेवढ्यात जुनी मॅक्रो लेन्स (अगदी जवळून मोठे टिपणारी खास लेन्स) घ्यावी, एक्स्टेन्शन ट्यूब घ्यावी की मोबाइलवर लावायची क्लिप पुरेल, आणि पुढे मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घेतला तर हा खर्च वाया जाईल का, असे त्यांनी विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो. आपण आत्ता मॅक्रो लेन्स घेऊ नये. ५५-२५० च्या तोंडाशी बसणारी एक चांगली क्लोज-अप लेन्स घ्यावी आणि उरलेली रक्कम फ्लॅशवर खर्च करावी. हे मत किमतीपेक्षा आपल्या विषयांच्या आकारावर बेतलेले आहे, म्हणून सुरुवात मिलिमीटरपासूनच करतो.

आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २२.३ मिमी रुंद आणि १४.९ मिमी उंच आहे. १:१ मोठेपणा याचा अर्थ एवढाच, की विषयाचा जेवढा भाग सेन्सरएवढ्या आकाराचा आहे तेवढा पूर्ण चौकटीत भरतो. सेन्सरवर आडव्या दिशेने ६००० पिक्सेल असल्यामुळे १:१ ला विषयाच्या प्रत्येक मिलिमीटरच्या वाट्याला सुमारे २७० पिक्सेल येतात. आता कपाशीकडे पाहावे. फुलकिडे आणि पांढरी माशी जेमतेम एक मिलिमीटरची असते, तुडतुडा तीन मिलिमीटरच्या आसपास, ढालकिडा पाच ते सात मिलिमीटरचा, तर पूर्ण वाढलेली गुलाबी बोंडअळी सव्वा सेंटीमीटरपर्यंत जाते. बोंडअळी आणि ढालकिडा यांच्यासाठी १:१ किंवा त्याहूनही कमी मोठेपणा पुरतो. फुलकिड्याला मात्र १:१ वरही २७० पिक्सेलच मिळतात, आणि तेवढ्यात त्याच्या पंखांची झालर दिसत नाही, तेथे २:१, म्हणजे दुप्पट मोठेपणा, हवे. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी, जी २०१८ मध्ये भारतात प्रथम नोंदली गेली, ओळखायची ती डोक्यावरील उलट्या वाय आकाराच्या खुणेवरून आणि शेपटीकडील आठव्या खंडावर चौकोनात मांडलेल्या चार काळ्या ठिपक्यांवरून. अळी मोठी असली तरी या खुणा दोन-तीन मिलिमीटरच्या जागेत असतात, आणि शेतकऱ्याला दाखवायच्या असतात त्या याच.

उलट डोमकळी (बोंडअळीमुळे न उमललेले फूल), कीड लागून फुटलेले बोंड, केळीच्या पानावरील करपा आणि बहुतेक फुलपाखरे हे सर्व काही सेंटीमीटरांचे विषय आहेत. आपली ५५-२५० झूम २५० मिमीवर जवळात जवळ नेली की साधारण ०.३ पट मोठेपणा देते, म्हणजे सुमारे साडेसात सेंटीमीटर रुंदीची चौकट मिळते, आणि तीही विषयापासून भरपूर अंतर राखून. फुलपाखरांसाठी आपल्याला एक रुपयाही खर्च करण्याची गरज नाही. प्रश्न उरतो तो एक ते पंधरा मिलिमीटरच्या विषयांचा.

मोबाइलच्या क्लिपविषयी थोडक्यात. छायाचित्र केवळ व्हॉट्सॲपवर पाठवून 'हा मावा आहे की तुडतुडा' एवढेच सांगायचे असेल तर ती पुरते. तिची खरी अडचण अशी, की किडीपासून दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत जावे लागते, तेवढ्यात तुडतुडा उडी मारतो आणि पांढऱ्या माशीचा थवाच उठतो. शिवाय फोनची सावली विषयावर पडते. छापील माहितीपत्रक किंवा मोठा फलक करायचा असेल तर क्लिपचा विचार सोडून द्यावा.

एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी. तिच्यात काच नसते, म्हणून प्रतिमेचा दर्जा ती थेट बिघडवत नाही. तिचे गणित सोपे आहे: नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेला आकडा), एवढा मोठेपणा मूळ मोठेपणात मिळवला जातो. बाजारात मिळणाऱ्या १३, २१ आणि ३१ मिमीच्या तीन नळ्या एकत्र केल्या तर ६५ मिमी होतात. ५० मिमीच्या लेन्सला त्या लावल्या तर १.३ पटींची भर पडते, पण आपल्या झूमला २५० मिमीवर लावल्या तर भर पडते ती ०.२६ पटींची, आणि सर्व मिळून ०.६ पटींच्याही आतच राहतो. म्हणजे आखूड लेन्सवर ट्यूब जोरकस ठरते, लांब लेन्सवर दुबळी. आखूड लेन्सवर ती वापरली की विषय लेन्सच्या तोंडाशी येतो, १८ मिमीवर तर फोकसचा बिंदू काचेच्या आतच जातो. ५० मिमी एफ/१.८ आणि ३१ मिमीची नळी ही जोडी स्वस्तात चांगले काम देते, पण आपल्याकडे ५० मिमी लेन्स नाही, आणि त्या जोडीतही किडीपासूनचे अंतर सहा-सात सेंटीमीटरच उरते. ट्यूब घ्यायचीच झाली तर विद्युत संपर्क असलेलीच घ्यावी. कॅननच्या लेन्समधील ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, विजेवर चालते. संपर्क नसलेल्या पत्र्याच्या ट्यूबवर ते पूर्ण उघडे राहते आणि मग किडीचा एक डोळा सोडून काहीच स्पष्ट येत नाही.

हीच अडचण लेन्स उलटी लावण्याच्या रिव्हर्स रिंगची आहे. १८-५५ उलटी लावून १८ मिमीवर तीनपटींच्या आसपास मोठेपणा मिळतो, आणि तोही अगदी थोड्या पैशांत, त्यामुळे टेबलावर मांडलेल्या मृत नमुन्यासाठी हौस म्हणून ती जरूर करून पाहावी. शेतात मात्र तिचा उपयोग नाही.

आता क्लोज-अप लेन्स. फिल्टरसारख्या दिसणाऱ्या आणि तीन-चारच्या संचात मिळणाऱ्या एकभिंगी काचा मी सुचवत नाही. त्यांच्यामुळे कडांना जांभळी-हिरवी झालर येते, आणि पानाच्या शिरेवरची ती झालर रोगाचे लक्षण वाटण्याइतकी फसवी असते. एकाहून अधिक भिंगे जोडून रंगदोष सुधारलेली लेन्स हवी. त्यात सर्वांत परिचित नाव जपानच्या रेनॉक्स कंपनीच्या डीसीआर-२५० चे आहे. तिची शक्ती ८ डायॉप्टर, म्हणजे फोकल लेंग्थ १२५ मिमी. ती ५२ ते ६७ मिमी व्यासाच्या फिल्टरच्या आट्यांवर चिमट्यासारखी बसते, आणि आपल्या झूमचा व्यास ५८ मिमी आहे.

हिचे गणितही सांगतो, कारण माझी पसंती त्यावरच उभी आहे. मागची लेन्स अनंतावर, म्हणजे अगदी लांबवर, फोकस केली तर मोठेपणा म्हणजे मागच्या लेन्सची फोकल लेंग्थ भागिले १२५. म्हणून झूम ५५ वर असताना ०.४४ पट, १२५ च्या आसपास १:१ आणि २५० वर चक्क २:१. या सगळ्या पल्ल्यात विषयापासूनचे अंतर मात्र जवळजवळ तेच, सुमारे बारा सेंटीमीटर, राहते. बोंडावर बसलेला ढालकिडा टिपला, त्याच जागी उभे राहून झूम फिरवला आणि शेजारचा मावा टिपला, हे कोणत्याही एका फोकल लेंग्थच्या मॅक्रो लेन्सला जमत नाही, कारण तिला मोठेपणा बदलायचा तर पुढे-मागे सरकावेच लागते. याची किंमतही मोजावी लागते. चौकटीच्या कडा मध्यभागाइतक्या धारदार येत नाहीत, ५५ च्या बाजूला कोपरे काळवंडू शकतात, आणि लेन्स लावलेली असताना लांबचे काहीही दिसत नाही, म्हणून फुलपाखरू आले की ती काढावी लागते. किडींच्या कामात विषय बहुधा मध्यभागी असतो, त्यामुळे कडांचा दोष मला फारसा सलत नाही. दागिन्यांसारख्या कामाला तो सलेल. जळगावच्या सराफ बाजारासाठी कोणी अंगठ्या आणि पोती टिपणार असेल तर त्याला मी खरी मॅक्रो लेन्सच सुचवेन, कारण तेथे सरळ रेष सरळ आणि कड कडेपर्यंत स्पष्ट हवी असते.

खऱ्या मॅक्रो लेन्सचाही विचार पुढे-मागे होईल, तेव्हा काय पाहावे हे नोंदवून ठेवतो. फोकल लेंग्थ ९० ते १०५ मिमीच्या दरम्यान असावी. कॅननची ३५ मिमी मॅक्रो १:१ देते आणि तिच्या तोंडाशी दिवाही आहे, पण १:१ ला विषय तिच्यापासून केवळ तीन सेंटीमीटरवर असतो. नव्वद-शंभरच्या लेन्समध्ये हेच अंतर दहा ते पंधरा सेंटीमीटर मिळते. जुन्या बाजारात टॅमरॉनची ९० मिमी एफ/२.८ आणि कॅननची १०० मिमी एफ/२.८ ची आयएस (हाताचा कंप सावरणारी सोय) नसलेली आवृत्ती या दोन्ही भरवशाच्या आहेत; आयएस नसल्याने मॅक्रोच्या कामात फारसे अडत नाही, कारण १:१ ला आयएसचा प्रभाव बराच कमी होतो. हाताने फोकस करायची तयारी असेल तर निकॉनची जुनी ५५ मिमी एफ/२.८ मायक्रो-निकॉर साध्या ॲडॅप्टरने कॅननवर बसते आणि अनंतापर्यंत फोकसही होते. ती स्वतः अर्ध्या पटीपर्यंतच जाते आणि तिच्या ॲपर्चरच्या पात्यांवर तेल चढण्याची खोड प्रसिद्ध आहे, म्हणून पाती चटकन मिटतात की नाही हे पाहिल्याशिवाय घेऊ नये.

जुनी लेन्स कोणतीही असो, ती अंधाऱ्या खोलीत नेऊन मागच्या बाजूने टॉर्चचा प्रकाश टाकून तिरक्या नजरेने पाहावी. थोडी धूळ चालते, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी असते आणि ती लेन्स सोडून द्यावी. मुंबई किंवा कोकणातून आलेल्या लेन्समध्ये तिची शक्यता आपल्या कोरड्या हवेत राहिलेल्या लेन्सपेक्षा जास्त असते.

आता प्रकाश. माझ्या अनुभवात सामान्य आणि चांगले किडीचे छायाचित्र यांतला फरक लेन्सपेक्षा प्रकाशात जास्त असतो. याचे कारण खोलीच्या पट्ट्यात, म्हणजे पुढून मागे जेवढे अंतर स्पष्ट दिसते त्यात, आहे. १:१ ला मॅक्रो लेन्सवर एफ/८ (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान) ठेवले तर स्पष्ट दिसणारा पट्टा केवळ ०.६ मिमीच्या आसपास असतो. तो वाढवायला ॲपर्चर लहान करावे, तर लेन्स पुढे सरकल्यामुळे १:१ ला एफ/८ चा परिणाम प्रत्यक्षात एफ/१६ सारखा झालेलाच असतो. कॅननचा कॅमेरा पडद्यावर तरीही ८ च दाखवतो. त्यापुढे फार गेले की विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच मऊ होऊ लागते. क्लोज-अप लेन्स लावली की हा हिशेब बदलतो: तेथे प्रकाश घटत नाही, पडद्यावरचा आकडा खरा असतो, म्हणून त्याच पट्ट्यासाठी एफ/१६ ठेवावे लागते. ट्यूब किंवा मॅक्रो लेन्स वापरणाऱ्याचा सल्ला ऐकून रेनॉक्सवर एफ/८ ठेवणारे अनेक जण पट्टा फार अरुंद मिळतो अशी तक्रार करतात, ती यामुळे. २५० मिमीवर २:१ ला तर एफ/१६ वरही पट्टा ०.१५ मिमीच्या आसपास असतो, म्हणून तेथे फुलकिड्याचे डोके आणि शेपटी दोन्ही एकाच प्रतलात येतील असा कोन शोधण्याला पर्याय नाही.

एफ/१६ ला केळीच्या बागेत, जेथे भर दुपारीही पानांखाली अंधुक असते, हाताने कॅमेरा धरून स्पष्ट छायाचित्र केवळ फ्लॅशवरच मिळते. फ्लॅश पूर्ण ताकदीच्या आठव्या ते सोळाव्या हिश्श्यावर ठेवला तर त्याचा झोत सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच असतो, आणि हाताचा कंप असो की वाऱ्याने हलणारे पान, दोन्ही त्यात गोठतात. शटर १/२००, आयएसओ १०० ते २०० आणि ॲपर्चर एफ/१६ ही सुरुवातीची मांडणी ठेवावी आणि उजेड फ्लॅशच्या ताकदीने कमी-जास्त करावा. उघड्या उन्हात मात्र एक अडचण येते. एफ/१६, आयएसओ २०० आणि १/२०० एवढ्यावर नुसते ऊनच पूर्ण छायाचित्र काढून मोकळे होते, मग त्यावर फ्लॅशची दुसरी प्रतिमा बसून कडा दुहेरी दिसतात. म्हणून हाताशी एक मदतनीस आणि त्याच्या हातात काळी छत्री असावी; विषय सावलीत आला की काम फ्लॅशच्या एकट्याच्या ताब्यात येते.

फ्लॅश नुसता वापरला तर ढालकिड्याच्या तुकतुकीत पाठीवर पांढरा जळका ठिपका येतो आणि अळीच्या ओल्या अंगाचा रंग उडतो. यासाठी डिफ्यूझर हवा, आणि तो विकत घेण्याची गरज नाही. टीव्ही किंवा मिक्सरच्या खोक्यात येणारा पातळ पांढरा फोम, त्याला आधार म्हणून पुठ्ठा, आणि पुढे ट्रेसिंग पेपरचा एक पदर, असा पसरट पन्हळ करून तो फ्लॅशपासून लेन्सच्या तोंडाच्या वरपर्यंत आणावा. प्रकाश देणारा पृष्ठभाग किडीच्या जितका जवळ आणि जितका मोठा, तितकी छाया मवाळ पडते.

फ्लॅश घेण्यापूर्वी आपल्या कॅमेऱ्यावरचा हॉटशू, म्हणजे फ्लॅश बसवायची वरची खाच, नीट पाहावा. कॅननच्या अलीकडच्या काही स्वस्त बॉडींवर मधला मोठा संपर्कबिंदू काढून टाकलेला आहे. अशा बॉडीवर एकाच पिनचा स्वस्त मॅन्युअल फ्लॅश पेटतच नाही, तेथे कॅननच्या टीटीएल पद्धतीशी (जिच्यात फ्लॅशची ताकद कॅमेराच ठरवतो) जुळणारा फ्लॅश लागतो. गोडॉक्ससारख्या कंपन्यांचे असे छोटे फ्लॅश मिळतात. दुकानात आपला कॅमेरा नेऊन, त्यावर लावून, पेटवून पाहूनच पैसे द्यावेत.

फोकस करताना ऑटोफोकस बंद करावा. रेनॉक्स लावलेल्या झूमवर फोकसची कडी अनंताजवळ ठेवून ती विसरून जावी, हवा तो मोठेपणा झूमने ठरवावा आणि मग स्वतःच अगदी हळू पुढे झुकत, डोळा किंवा डोके स्पष्ट दिसेल त्या क्षणी बटण दाबावे. कोपर गुडघ्यावर किंवा बरगडीला टेकवावे. आणखी एक पद्धत मला सर्वाधिक उपयोगी वाटते: डाव्या हाताच्या दोन बोटांत पानाचा देठ धरावा आणि त्याच हाताच्या मनगटावर लेन्स टेकवावी, म्हणजे वाऱ्याने पान हलले तरी कॅमेरा आणि पान एकत्रच हलतात. तिवई काळ्या जमिनीत पावसाळ्यात खचते आणि पायांना किलोभर चिखल चिकटतो, म्हणून शेतात मी ती नेत नाही. अळी आडवी असेल तर सेन्सर तिच्या अंगाशी समांतर धरावा, म्हणजे अरुंद पट्ट्यातही ती पूर्ण लांबीभर स्पष्ट येते.

आपले काम सल्ल्याचे असल्यामुळे एक गोष्ट आवर्जून सांगतो. पहिल्याच दिवशी पोलादी पट्टीचे छायाचित्र झूमच्या ५५, १००, १३५ आणि २५० या खुणांवर काढून ठेवावे आणि चौकटीत किती मिलिमीटर मावतात ते लिहून ठेवावे. फोकसची कडी तीच ठेवली तर पुढे कोणत्याही छायाचित्रातील किडीची लांबी त्यावरून काढता येते, आणि अळी कोणत्या अवस्थेत आहे हे नुसत्या अंदाजावर राहत नाही.

वेळ सकाळची, दव असतानाची घ्यावी. थंडाव्यात किडी सुस्त असतात. मावा, तुडतुडे, पांढरी माशी आणि फुलकिडे पानाच्या खालच्या बाजूला असतात, म्हणून पान झटक्याने उलटू नये, खालूनच कॅमेरा न्यावा. पानामागे मोकळी जागा असेल तर फ्लॅशमध्ये पार्श्वभूमी काळीकुट्ट येते. दुसरे एखादे पान हाताने किंवा कपड्याच्या चिमट्याने अर्ध्या वितीवर मागे धरले की हिरवी येते. शिवारात शिरण्यापूर्वी शेवटची फवारणी केव्हा आणि कशाची झाली हे मालकाला विचारावे, कारण या कामात तोंड पानाच्या अगदी जवळ जाते. केळीचा चीक कपड्यांवर कायमचा काळा डाग पाडतो. तो काचेवर पडलाच तर वाळू न देता ओल्या मऊ कापडाने टिपून घ्यावा, घासू नये.

पुढे मिररलेस घेतल्यास काय होईल, या आपल्या शेवटच्या शंकेचे उत्तर असे. रेनॉक्स फिल्टरच्या आट्यांवर बसते, माउंटवर (लेन्स कॅमेऱ्याला जिथे जोडली जाते तेथे) नाही, त्यामुळे ती कोणत्याही कंपनीच्या, योग्य व्यासाच्या लेन्सवर चालेल. कॅननच्याच आर मालिकेत गेलात तर ईएफ-ईओएस आर ॲडॅप्टरने ५५-२५० ही वापरता येते आणि कॅननशी जुळणारा फ्लॅशही बहुधा चालतो, पण तो नव्या बॉडीवर लावून पाहूनच ठरवावे. ट्यूब मात्र त्या-त्या माउंटच्याच असतात. कंपनी बदलली की त्या विकाव्या लागतात, आणि जुन्या ट्यूबला फारसा भाव येत नाही.